डाग जातो, चाकही जातं

हायवेलगतचं कुठलंही वॉशिंग सेंटर. गाडी रॅम्पवर चढते, पाण्याच्या झोतानं चिखल उतरतो, फेसानं गाडी पांढरी होते, पुन्हा पाणी, आणि मग मालकाची नजर चाकांवर जाते. बाकी गाडी लखलखतेय, पुढची दोन चाकं मात्र काळपट-तांबूस ती तशीच. मालक बोटानं घासून बघतो, नखानं खरवडून बघतो. "साहेब, शॅम्पूनं नाही निघणार ते. ॲसिड मारायला लागेल," पोरगा सांगतो. साहेब मान डोलावतात. पोरगा टोपणाला खिळ्यानं भोकं पाडलेली पाण्याची जुनी बाटली आणतो आणि पिवळसर द्रव चाकावर शिंपडतो. चाक फसफसतं, नाकात झणझणीत वास जातो, ब्रशचे चार हात फिरतात, वर पाण्याचा झोत. चाक पांढरंशुभ्र! साहेब खूश होऊन पोराच्या हातावर वीसची नोट ठेवतात. तो हात उघडा आहे आणि पायात रबरी स्लिपर आहे, हे मात्र कुणी बघत नाही.

या प्रसंगामागे एक भक्कम समजूत उभी आहे. डाग जितका चिवट, औषध तितकं जहाल हवं. वॉशिंग सेंटरवाला या समजुतीपोटी ॲसिड ओततो. घरी गाडी धुणारा लिंबू-मीठ, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, झालंच तर उरलेलं कोल्ड्रिंक घेऊन बसतो. ज्याचा मनगटावर विश्वास आहे तो भांड्यांची तारेची घासणी उचलतो. आणि या तिघांनाही हसणारा चौथा, सोसायटीतला तत्त्वज्ञ, म्हणतो, "अहो, चाकच ते! चिखलातच जायचं, त्याला कसला आलाय मेकअप?" चौघांची तऱ्हा वेगळी असली तरी चूक एकच आहे. चाकावर नेमकं काय चिकटलंय, हे चौघांपैकी एकानंही पाहिलेलं नाही.

मुळात ते चाक कशाचं आहे, हे तरी ठाऊक असतं का? आपल्याकडे सरसकट 'मॅगव्हील' म्हणतात. एके काळी रेसच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असत, त्यावरून पडलेलं हे नाव. आज रस्त्यावरच्या मोटारींना जी ओतीव चाकं असतात ती ॲल्युमिनियमची. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत शंभरात सातेक भाग सिलिकॉन असतं आणि मॅग्नेशियम हजारात तीन-चार भाग, म्हणजे आमटीत हिंग असावा तेवढं. ही काही कालची टूम नव्हे. बुगाटी कंपनीनं 1924 साली आपली टाइप 35 ही रेसची गाडी ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर उतरवली होती.

आता ॲल्युमिनियम म्हणजे काय, हे मराठी घराला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. स्वयंपाकघरातलं जर्मलचं पातेलं म्हणजे तेच. त्या पातेल्यात ताक ठेवायचं नाही, चिंचेचं सार मुरवायचं नाही, धुण्याचा सोडा लावला तर ते काळं पडतं, हे आजीला माहीत होतं. कारण साधं आहे. ॲल्युमिनियम हवेत आलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-पाच भागांइतकी त्याची जाडी. या पापुद्र्याच्या जिवावर धातू टिकतो. द्रवाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण चार ते साडेआठच्या दरम्यान असेल तोवर पापुद्रा शाबूत राहतो. त्याच्या खाली आम्लात विरघळतो, त्याच्या वर अल्कलीतही विरघळतो. दोन्हीकडून मार खाणारा धातू आहे हा. ज्या घरात जर्मलच्या पातेल्यात ताक ठेवायला बंदी, त्याच घराच्या दारातल्या गाडीच्या ॲल्युमिनियमवर बाथरूम धुवायचं ॲसिड ओततात. याला काय म्हणावं?

यावर ॲसिडपंथीयांचं पहिलं उत्तर ठरलेलं. चाकावर रंग आणि लॅकर असतं, ॲसिड धातूपर्यंत पोचतंच कुठे? लॅकर असतं, हे खरं. पण ते अखंड असतं का? फुटपाथच्या कडेला घासलेलं चाक, खडी उडून पडलेले टवके, टायर बदलताना लागलेली पहार, बॅलन्सिंगची वजनं ठोकलेली कड. पाच वर्षं चाललेल्या गाडीचं एक तरी चाक या खुणांवाचून दाखवावं. ॲसिड याच फटींतून आत शिरतं आणि पाण्याचा झोत तिथे पोचत नाही. त्यात बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमचा जुना वैरी, ते धातूत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडत जातं. टॉप मॉडेलला मिरवतात त्या 'डायमंड कट' चाकांची गोष्ट तर आणखी नाजूक. त्यांचा चकाकता भाग यंत्रावर कातलेला उघडा धातू असतो आणि त्याच्यावर रंगाचा थरच नसतो, असतं फक्त पारदर्शक लॅकर. त्या लॅकरखाली ओल शिरली की गांडुळाच्या वाटेसारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा उमटू लागतात. मालक त्यांनाही डाग समजतो आणि पुन्हा ॲसिड मारतो! वास्तविक त्या रेषा म्हणजे खालचा धातू खाल्ला गेल्याची खूण. बाहेरून काहीही लावून त्या निघत नाहीत. लॅकर उतरवून चाक पुन्हा कातून घ्यावं लागतं, आणि दर वेळी धातू कमी होत असल्यानं हे कातकाम हवं तितक्या वेळा करता येत नाही.

शिवाय ॲसिड काय चाकापुरतं थांबतं? जाळीदार चाकाच्या आत ब्रेकची डिस्क आहे, कॅलिपर आहे, नट आहेत. डिस्कवर कुठलं आलंय लॅकर?

दुसरा पुरावा डोळ्यांचा. "फेस येतो म्हणजे काम करतंय." हा युक्तिवाद खोडायला प्रयोगशाळा नको, रॅम्पखाली बघितलं तरी पुरे. चाकावरून ओघळलेलं ॲसिड खालच्या कोब्यावर पडतं तेव्हा तिथेही असाच फेस येतो. मग कोब्याचाही डाग निघत असतो काय? तिथे सिमेंटमधला चुना विरघळत असतो. चाकावर लोखंडाचा कण सापडला तर ॲसिड त्याच्यावर फसफसतं आणि उघडं ॲल्युमिनियम सापडलं तर त्याच्यावरही. डाग कुठे संपतो आणि चाक कुठे सुरू होतं, हे ॲसिडला कळत नाही. आणि तो नंतरचा पांढरेपणा? जिथे लॅकर उडालेलं आहे तिथला पांढरा रंग हा खरवडला गेलेल्या धातूचा असतो. चिंचेनं पातेलं उजळतं तेव्हाही धातूचा वरचा थर गेलेला असतो. पातेल्यात फार तर भात शिजतो. चाकावर सगळ्या कुटुंबाचा भार असतो.

तिसरा युक्तिवाद अनुभवाचा. "दहा वर्षं हेच मारतोय, एकाही गाडीला काही झालं नाही." हे म्हणणाऱ्यानं ती गाडी सहा महिन्यांनी पाहिली आहे का? धुतलेली गाडी रॅम्पवरून उतरली की त्याच्या लेखी प्रकरण मिटलं. ॲसिडनं केलेलं नुकसान त्या दिवशी दिसत नाही, एक पावसाळा गेल्यावर दिसतं आणि तोवर बोट दाखवायला खारी हवा असते, खराब रस्ता असतो, कंपनीचा माल असतो. एक खूण तर कुणीच जोडून पाहत नाही. टायरमधली हवा दर आठवड्याला थोडी थोडी उतरते. पंक्चरवाला खिळा शोधतो, सापडत नाही. मग तो अख्खं चाक हौदात बुडवतो आणि बुडबुडे रिमच्या काठावरून येताना दिसतात. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडते ती टायरची कड आणि रिम यांच्या घट्ट मिठीमुळे. तिथला धातू गंजून खडबडीत झाला की मिठी सुटते. असं चाक गंजायला इतरही कारणं असतात, पण त्यांत आपल्या हातानं भर घालायची हौस कशासाठी?

आता घरगुती उपायांकडे वळू. 'घरगुती' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे चिकित्सा थांबते. लिंबू-मीठ तांब्या-पितळेला लावतात म्हणून चाकाला लावायचं, हा न्याय कुठला? मीठ म्हणजे तेच क्लोराइड, जे टाळायला हवं. खाण्याचा सोडा फार त्रासदायक नाही, पण लोखंडाच्या कणापुढे तो निरुपयोगी. टूथपेस्ट दातांवरचा थर घासून काढायला बनवलेली असते, ती लॅकरही घासते आणि चाक दिवसेंदिवस मंद होत जातं. कोल्ड्रिंकमध्ये थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं आणि पुष्कळ साखर असते. चाकाचं काय व्हायचं ते होवो, मुंग्यांची मात्र सोय होते. तारेच्या घासणीनं तर कहर होतो. ती लॅकरवर ओरखडे पाडतेच, शिवाय स्वतःचे लोखंडी कण त्या ओरखड्यांत सोडून जाते. दोन दिवसांनी ते गंजतात. म्हणजे गंजाचे डाग काढायला बसलेला माणूस गंजाची पेरणी करून उठतो.

तर मग हा डाग आहे तरी काय?

त्याचं उत्तर गाडीनंच दिलेलं असतं. चारही चाकं एकाच रस्त्यावरून, एकाच चिखलातून जातात. मग पुढचीच दोन काळी का? ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो आणि बहुतेक काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या कित्येक लहान गाड्यांना पुढे उघड्या डिस्क आणि मागे बंद ड्रम असतात. ड्रमची भुकटी बरीचशी आत राहते, डिस्कची मात्र थेट चाकावर उडते. ती भुकटी म्हणजे ओतीव लोखंडाच्या डिस्कचे आणि ब्रेक पॅडचे झिजलेले, तापलेले कण. ते लॅकरमध्ये रुततात, वर पाणी पडलं की गंजतात आणि काळ्याचे तांबूस होतात. खंबाटकी किंवा आंबेनळी घाट न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यानं घरी आल्यावर चाकांकडे बघावं. खालच्या गिअरमध्ये उतरला असता तर निम्मा डाग बसलाच नसता. ही भुकटी केवळ दिसण्याचा प्रश्न राहिलेली नाही. युरोपीय संघानं 2024 मध्ये स्वीकारलेल्या युरो 7 नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाही पहिल्यांदा मर्यादा घातली. बहुतेक पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या मोटारींना 3.

ब्रेकची भुकटी हा एक डाग झाला. डांबराचे काळे ठिपके हा दुसरा, आणि त्याचा लोखंडाशी काडीचाही संबंध नाही. डांबर तेलाच्या कुळातलं. त्याच्यावर ॲसिडची अख्खी बाटली रिकामी केली तरी ठिपका जागचा हलणार नाही. त्याला तेलाच्या कुळातलंच विद्रावक लागतं. गावाकडे रॉकेलच्या बोळ्यानं डांबर काढतात, ते तत्त्व म्हणून अगदी बरोबर आहे. फक्त रॉकेल टायरला आणि ब्रेकला लागू द्यायचं नाही आणि नंतर शॅम्पूनं धुवायचं. तिसरा डाग बोअरच्या जड पाण्याचा. पाणी चाकावर वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके राहतात आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते वॉशिंग सेंटरच्याच पाण्याचे असतात. आम्लाची बाजू घेणाऱ्यांना एवढी एकच जागा सोडता येईल. पातळ केलेलं व्हिनेगर कापडावर घेऊन मिनिटभर लावलं आणि लगेच भरपूर पाण्यानं धुतलं तर हे ठिपके निघतात. पण पातळ व्हिनेगर कुठे आणि बाटलीतलं बाथरूमचं ॲसिड कुठे! चौथा प्रकार लॅकरखालच्या पांढऱ्या रेषांचा. तो वर सांगितलाच, त्याला धुण्याचा उपाय नाही.

चार डाग, चार स्वभाव. त्यावर उपाय एकच, आणि तोही जितका जहाल तितका चांगला! अशा रीतीनं कुणी डॉक्टर औषध देऊ लागला तर लोक त्याच्या दवाखान्याची पायरी चढतील का?

ब्रेकच्या भुकटीवरचं औषध जहाल नाहीच. बाजारात 'आयर्न रिमूव्हर' नावानं मिळतं, त्यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच, कुजक्या अंड्याकडे झुकणारा. चांगल्या प्रतीच्या द्रावणाचा सामू सातच्या आसपास असतो. ते लोखंडाच्या कणाला धरतं, विरघळवतं आणि जांभळं होतं. चाकावरून जांभळे ओघळ उतरताना बघणं ही एक मौज आहे. जिथे लोखंड तिथे जांभळं, जिथे नाही तिथे काही नाही. ॲसिडला जे कळत नाही ते याला कळतं. "हे श्रीमंतांचे चोचले" असं म्हणणाऱ्यांनी एका डायमंड कट चाकाच्या दुरुस्तीचा भाव विचारून यावं आणि मग एका बाटलीची किंमत बघावी.

कृती लांबलचक नाही. गाडी सावलीत उभी करायची आणि चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, कारण तापलेल्या चाकावर कुठलंही द्रावण वाळतं आणि वाळलं की नवा डाग. आधी नुसतं पाणी, मग गाडीचा सौम्य शॅम्पू आणि मऊ ब्रश. चाकांची बादली आणि फडकं वेगळं, नाहीतर तीच लोखंडी भुकटी बॉनेटवर ओरखडे काढते. मग आयर्न रिमूव्हर फवारायचा, दोन-चार मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचा नाही, ब्रश हलकेच फिरवून भरपूर पाण्यानं धुवायचं. जुना डाग पहिल्या खेपेला अर्धा निघतो, तेव्हा ॲसिडकडे न वळता दुसरी खेप करायची. डांबराचे ठिपके विद्रावकानं टिपायचे. तरीही बोटाला खरखर लागली तर गाडीच्या रंगासाठी मिळते ती डिटेलिंगची माती ओल्या चाकावर हलक्या हातानं फिरवायची. शेवटी कापडानं कोरडं करून मेणाचा हात द्यायचा, म्हणजे पुढची भुकटी रुतायच्या आधीच शॅम्पूनं निघते. हातात मोजे घालायचे. आणि पितळ चकाकवायचं पॉलिश कपाटातच राहू द्यायचं. ते उघड्या, पॉलिश केलेल्या धातूला ठीक, लॅकर असलेल्या चाकावर ते लॅकरच घासून काढतं.

राहिला प्रश्न त्या उघड्या हाताचा. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नाव-पत्ता आणि कारण वहीत नोंदवायचं. तो आदेश माणसांवरच्या हल्ल्यांमुळे आला होता. पण ज्या वस्तूची विक्री वहीत मांडावी लागते, ती वस्तू पाण्याच्या बाटलीत भरून अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हाती देणं कुठल्या हिशेबात बसतं? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2013 या काळात गाड्या-ट्रक धुण्याच्या कामात, बाथरूमच्या ॲसिडहून वेगळ्या अशा हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं भाजल्याच्या 48 घटना नोंदल्या गेल्या. सात कामगारांना रुग्णालयात ठेवावं लागलं, दोघांवर शस्त्रक्रिया झाली. याखेरीज ट्रक धुणाऱ्या एका कामगाराचा हे द्रावण पोटात गेल्यानं मृत्यू झाला. ॲल्युमिनियम उजळवणाऱ्या आणि गंज काढणाऱ्या द्रावणांत तिथे हे ॲसिड सर्रास असायचं. ते पातळ असेल तर कातडीला लागताच आग होत नाही. ते आत उतरतं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं आणि वेदना कित्येकदा काही तासांनी सुरू होते, तेव्हा कामगार घरी गेलेला असतो. ज्या देशात डब्यावर लेबल असतं तिथली ही स्थिती. आपल्याकडे बिनलेबलाच्या बाटलीतला द्रव ओतणाऱ्या पोराला कोण सांगणार?

आता सोसायटीतल्या तत्त्वज्ञांना शेवटचं उत्तर. चाक चिखलातच जायचं, म्हणून त्याला काहीही लावलं तरी चालतं म्हणे. पाऊलही चिखलातच जातं, म्हणून पाय कुणी ॲसिडनं धुतो का? चिखलात जाणारी वस्तू घाण होणार, ती धुवावी लागणार, पुन्हा पुन्हा धुवावी लागणार. जी वस्तू वर्षातून पन्नास वेळा धुवायची आहे, तिच्यासाठी पन्नास वेळा सोसेल असंच औषध हवं. ॲसिड डाग काढतं, यात वाद नाही. डाग ज्याच्यावर बसला होता तेही थोडं थोडं नेतं आणि ओतणाऱ्याच्या हाताचीही पर्वा करत नाही. भुकटीला आयर्न रिमूव्हर, डांबराला विद्रावक, पांढऱ्या ठिपक्यांना मिनिटभर पातळ व्हिनेगर, बाकी सगळ्याला शॅम्पू आणि मऊ ब्रश. या यादीत ॲसिडच्या बाटलीला जागा नाही.

पुढच्या खेपेला रॅम्पवर गाडी चढवाल आणि पोरगा ती भोकाची बाटली घेऊन येईल, तेव्हा बाटलीत काय आहे ते विचारा. नाव सांगता आलं नाही तर त्याला थांबवा, धुण्याचे ठरलेले पैसे द्या, हवी तर वीसची नोटही द्या, आणि काळ्या चाकांनिशी घरी या. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आधी, ती चाकं अंगणात धुता येतात.